सरकारी कर्जाची बातमीदारी

विकसनशील देशांत सरकारी कर्ज बहुधा दोनदाच पहिल्या पानावर येते. एकदा मंत्री करारावर सही करतात तेव्हा, छायाचित्रासह. आणि दुसऱ्यांदा हप्ता थकतो तेव्हा. मधल्या दहा-बारा वर्षांत त्या कर्जाचे जे होते ते अर्थ खात्याच्या फायलींत, रोख्यांच्या माहितीपत्रकांत आणि लेखापरीक्षणाच्या अहवालांत पडून राहते. कर्जाच्या वार्तांकनाचे प्रशिक्षण पत्रकारांना द्यायचे ते हा मधला काळ बातमीच्या टप्प्यात आणण्यासाठी.

विषय किती मोठा आहे हे आकड्यांवरून कळते. जागतिक बँकेच्या हिशेबानुसार विकसनशील देशांनी २०२३ साली परकीय कर्जाच्या मुद्दल-व्याजापोटी १.४ लाख कोटी डॉलर मोजले. त्यांतले ४०६ अब्ज डॉलर नुसते व्याज होते. शिक्षण किंवा आरोग्य यांपेक्षा व्याजावर जास्त खर्च होतो अशा देशांत ३३० कोटी लोक राहतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेने २०२४ साली नोंदवले. माहितीची स्थिती मात्र बेताची. जागतिक बँकेच्याच २०२१ च्या अहवालानुसार सुमारे ४० टक्के गरीब देशांनी मागच्या दोन वर्षांत कर्जाची आकडेवारीच प्रसिद्ध केलेली नव्हती.

अशा प्रशिक्षणाचे प्रयत्न जुने आहेत. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी कोलंबिया विद्यापीठात उभारलेल्या धोरणसंवाद उपक्रमाने पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. अन्या शिफ्रिन आणि आमेर बिसात यांनी संपादित केलेले ‘कव्हरिंग ग्लोबलायझेशन’ हे बातमीदारांचे हस्तपुस्तक २००४ साली निघाले. ब्लूमबर्गने २०१४ पासून केनिया, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत आर्थिक पत्रकारितेचे वर्ग चालवले. पत्रकाराला नेमके काय यायला हवे, हे मात्र एखादे प्रकरण तपशिलात पाहिल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी मोझांबिकइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२०१३ आणि २०१४ मध्ये मोझांबिकच्या तीन सरकारी कंपन्यांनी क्रेडिट स्विस आणि रशियाची व्हीटीबी या बँकांमार्फत मिळून सुमारे २ अब्ज डॉलर उचलले. एमाटुम या कंपनीला ट्यूना मासेमारीसाठी ८५ कोटी डॉलर मिळाले, किनारा सुरक्षेच्या नावाने प्रोइंडिकसला ६२.२ कोटी आणि जहाजदुरुस्तीच्या गोद्यांसाठी माम या कंपनीला ५३.५ कोटी. तिन्ही कर्जांना सरकारची हमी होती आणि ती अर्थसंकल्पी कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची होती. संसदेची मंजुरी घेतलेली नव्हती. एमाटुमचे कर्ज रोख्यांच्या रूपाने बाजारात विकले गेल्यामुळे जगाला माहीत होते. उरलेली दोन कर्जे संसदेपासून आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासूनही लपवलेली होती.

एमाटुमची जहाजे फ्रान्समधल्या शेरबूर्गच्या गोदीत बांधली जात होती. २४ मासेमारीची आणि ६ गस्तीची, एकूण ३०. ८५ कोटी डॉलरला ३० ने भागले तर एका जहाजाला सरासरी २.८ कोटी डॉलर पडतात. एवढ्या भागाकारातून पुढचे प्रश्न आपोआप निघतात. मासेमारीच्या जहाजाला इतका पैसा कशाला लागतो? उरलेल्या रकमेतून काय घेतले? नव्याने काढलेली, मासेमारीचा काडीचा अनुभव नसलेली कंपनी वर्षाला किती मासळी विकून हे व्याज भागवणार? असे प्रश्न राजधानी मापुतोत कोणी विचारलेच नाहीत असे नाही. स्थानिक पत्रकार आणि नागरी संस्था विचारत होत्या, आणि दात्या देशांनी नेट लावल्यावर त्या रकमेचा मोठा भाग सागरी सुरक्षेवरचा खर्च म्हणून सरकारला अर्थसंकल्पात दाखवावा लागला. पण बँकांशी झालेल्या कराराची कागदपत्रे कोणाच्याच हाती नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने प्रोइंडिकसचे कर्ज उघड केले, तेव्हा पैसा खर्च होऊन गेला होता.

पुढचे सगळे झपाट्याने घडले. नाणेनिधीने आणि दात्या देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारी मदत थांबवली, मेटिकाल हे चलन कोसळले आणि जानेवारी २०१७ मध्ये रोख्यांचा हप्ता थकला. क्रॉल या कंपनीच्या लेखातपासणीत ५० कोटी डॉलरचा हिशेबच लागला नाही. तिन्ही कर्जांच्या हमी घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा देशाच्या संविधान परिषदेने २०१९ आणि २०२० मध्ये दिला. मापुतोतील सार्वजनिक सचोटी केंद्राने नॉर्वेच्या एका संशोधन संस्थेबरोबर २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार या प्रकरणाची देशाला किमान ११ अब्ज डॉलरची झळ बसली आणि सुमारे २० लाख माणसे दारिद्र्यात ढकलली गेली. माजी अर्थमंत्री मानुएल शांग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२४ मध्ये दोषी ठरवले.

या प्रकरणातून प्रशिक्षणाचा पहिला धडा मिळतो तो हमीचा. सरकारने स्वतः घेतलेले कर्ज अर्थसंकल्पात दिसते. महामंडळाने सरकारच्या हमीवर घेतलेले कर्ज कंपनी बुडेपर्यंत बहुधा त्या बेरजेत येत नाही. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १९९६ साली स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाने राज्य सरकारच्या हमीवर रोखे काढले होते. पाण्याच्या प्रकल्पातून रोख्यांचे व्याज सुटत नसेल तर ते शेवटी राज्याच्या तिजोरीतूनच जाते. म्हणून कर्जाची बीट पाहणाऱ्याने अर्थ खात्याइतकेच वीज मंडळ, बंदरे, रेल्वे आणि विमान कंपनी यांचे ताळेबंद पाहायचे असतात.

दुसरा धडा गुणोत्तरांचा. कर्ज उत्पन्नाच्या किती टक्के, हा आकडा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. जपानचे सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या दुपटीहून अधिक असूनही त्याचा हप्ता चुकत नाही, कारण ते येनमध्ये आणि मुख्यतः देशातल्याच लोकांचे देणे आहे. श्रीलंकेने त्याहून कितीतरी कमी प्रमाण असताना एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवली. तिथे २०२१ साली सरकारी महसुलाचे सुमारे ७० टक्के व्याजातच जात होते, आणि डॉलर संपले होते. म्हणजे पाहायचे ते व्याजाचे महसुलाशी असलेले प्रमाण, परकीय चलनातला हिस्सा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत येणारे हप्ते. ‘प्रत्येक नागरिकाच्या डोक्यावर इतके कर्ज’ हा ठरलेला मथळा यांतले काहीच सांगत नाही.

छेदातला आकडाही बदलतो. नायजेरियाने २०१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे आधारवर्ष बदलले आणि देशाचे उत्पादन एका दिवसात ८९ टक्क्यांनी मोठे ठरले; कर्ज तेवढेच राहून त्याचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. त्याच देशात २०२३ साली उलटा प्रकार घडला. मार्चअखेर ४९.८५ लाख कोटी नायरा असलेले कर्ज जूनअखेर ८७.३८ लाख कोटी झाले. तीन महिन्यांत सरकारने तेवढी नवी उचल केली नव्हती. मध्यवर्ती बँकेकडून वर्षानुवर्षे घेतलेली २२.७ लाख कोटींची उचल आतापर्यंत हिशेबाबाहेर होती, ती आत घेतली गेली. शिवाय नायरा घसरल्याने डॉलरचे कर्ज फुगले. ‘कर्जात ७५ टक्के वाढ’ एवढेच छापणाऱ्याने आकडा बरोबर दिला आणि बातमी घालवली.

तिसरा धडा करार वाचण्याचा. युगांडाने एंटेबे विमानतळासाठी २०१५ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून सुमारे २० कोटी डॉलर घेतले. चीन हा विमानतळ ताब्यात घेणार, अशी बातमी नोव्हेंबर २०२१ मध्ये जगभर फिरली. दोन्ही सरकारांनी ती नाकारली. पुढे एडडेटा या संशोधन संस्थेने मूळ करारच प्रसिद्ध केला. त्यात विमानतळ तारण ठेवलेला नव्हता. पण विमानतळाचे उत्पन्न आधी वेगळ्या खात्यात जमा करून कर्जफेडीला राखून ठेवण्याची अट होती. मालकी शाबूत, पण गल्ल्यावर पहिला हक्क सावकाराचा. जप्तीच्या बातमीपेक्षा ही बातमी खरी तर होतीच, शिवाय अधिक गंभीर होती. श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराबाबतही असाच गोंधळ आहे. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिले गेले, पण मिळालेल्या १.१२ अब्ज डॉलरने बंदराचे कर्ज फिटले नाही. ती रक्कम परकीय गंगाजळीत गेली आणि कर्ज चालूच राहिले.

करार गुप्त असतात ही अडचण खरी आहे. एडडेटाने सहयोगी संस्थांसह २०२१ मध्ये २४ देशांशी झालेले १०० चिनी करार तपासले, तेव्हा गोपनीयतेची कलमे सर्रास आढळली. तरीही सरकारने दडवलेले पुष्कळदा परदेशात सापडते. डॉलरमधले रोखे लंडन किंवा डब्लिनच्या शेअर बाजारात नोंदवले जातात, तेव्हा माहितीपत्रकात जोखमींचे प्रकरण द्यावे लागते. मायदेशात ‘चिंतेचे कारण नाही’ म्हणणारे अर्थ खाते गुंतवणूकदारांना तिथे लेखी सांगते की महसूल कमी पडू शकतो आणि सरकारी कंपन्यांची देणी अंगावर येऊ शकतात. नाणेनिधीचे कर्जक्षमतेचे विश्लेषण, महालेखापरीक्षकाचा अहवाल आणि परदेशी न्यायालयांतले दावे यांचाही असाच उपयोग होतो. चांगल्या वर्गात व्याख्यानापेक्षा अशा एका माहितीपत्रकाचे प्रत्यक्ष वाचन अधिक उपयोगी पडते.

चौथा धडा सावधगिरीचा. कर्जाची चुकीची बातमी चलन पाडू शकते, म्हणून हप्ता थकल्याचे छापण्याआधी सवलतीची मुदत संपली आहे की नाही हे तपासावे लागते. बरोबर बातमीही महागात पडू शकते. मोझांबिकमध्ये राष्ट्राध्यक्षांवर समाजमाध्यमातून टीका करणारे अर्थतज्ज्ञ कार्लोस नुनो कास्तेल-ब्रांको आणि ती छापणारे संपादक फर्नांदो म्बान्झे यांच्यावर खटला भरला गेला. २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. म्हणून कायदेशीर बचाव आणि माहिती अधिकाराचा वापर हे विषय अभ्यासक्रमाच्या परिशिष्टात टाकण्याजोगे नाहीत.

प्रशिक्षण कोण देते, हाही प्रश्न आहे. जागतिक बँक आणि नाणेनिधी पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतात आणि ते स्वतः धनको आहेत. चीन २०१४ पासून आफ्रिकी पत्रकारांना कित्येक महिन्यांच्या मुक्कामासाठी बोलावतो. तोही धनको आहे. अशा वर्गांतून तंत्र शिकता येते, पण नाणेनिधीचे विकासदराचे अंदाज फार आशावादी होते का, धनकोंनी आपला तोटा किती सोसला, हे प्रश्न तिथून सहजासहजी येत नाहीत. ते विद्यापीठांनी आणि पत्रकारांच्या स्वतःच्या संघटनांनी अभ्यासक्रमात घालायचे असतात.

शेवटी हे काम वृत्तपत्राच्या कार्यालयात टिकावे लागते. दोन दिवसांच्या कार्यशाळेहून परतलेल्या बातमीदाराला दुसऱ्या दिवशी पाच बातम्या द्यायच्या असतील तर शिकलेले महिन्याभरात विरते. संपादक आणि उपसंपादकही त्याच वर्गात बसले पाहिजेत. नाहीतर करारातली अट कापली जाते आणि जप्तीचा मथळा उरतो. धनको एक आणि ऋणको अनेक असल्यामुळे शेजारच्या देशांतल्या पत्रकारांनी कागदपत्रांची देवाणघेवाण केल्यास एकट्याला न दिसणारी कलमे दिसू लागतात. अशा प्रशिक्षणाचे यश किती प्रमाणपत्रे वाटली यावर ठरत नाही. नवे कर्ज संसदेसमोर येते तेव्हा व्याजदर, चलन, हमी आणि फेडीचे वेळापत्रक हे चार तपशील सहीच्या आधी छापून येतात का, यावर ते ठरते.