माउली म्हणावं का?

नागपुरात सूतिकागृह सुरू करून मातृसेवा संघ उभा करणाऱ्या कमलाताई होस्पेट (१८९६–१९८१) यांच्यावर भाचीला लेख लिहायचा आहे. मावशीची नोकरीची सगळी वर्षं सूतिकागृहात परिचारिका म्हणून गेली. लेखाच्या पहिल्याच ओळीवर दोघींचं जुंपलं.

मावशी : ‘नागपूरची माउली’ हे काहून लिहून राहिली तू?

भाची : त्यात काय चुकलं? लहान वयात वैधव्य आलं. त्या काळी विधवेला बारशालासुद्धा कोणी पुढे येऊ देत नसे. अन् हीच बाई गावातल्या लेकरांना पहिल्यांदा हातात घेते. हिला माउली नाही तर कोणाला म्हणायचं?

मावशी : ती डफरीन दवाखान्यात शिकली, ते कुठं आहे?

भाची : येते ना खाली.

मावशी : ते नेहमी खालीच येतं, बाई. तेव्हाचं घरातलं बाळंतपण डोळ्यांपुढे आण. अंधारी खोली, बंद खिडक्या, शेगडी, धुरी. नाळ कापायला घरातलाच विळा. सुईणीला, आजीला माया नव्हती का? होती. तरी बाळंतिणी तापानं जात, लेकरं धनुर्वातानं जात. तिकडे व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ मध्ये दाखवून दिलं होतं, की बाईला तपासण्याआधी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुतले तर मृत्यू झपाट्यानं कमी होतात. ते ज्ञान आपल्या मोहल्ल्यापर्यंत कोणीतरी शिकून आणावं लागलं.

भाची : कबूल. पण १९२१ मध्ये सीताबर्डीवर चार खाटा टाकल्या, तेव्हा उकळलेली कात्री पाहून कोणी सून पाठवली असेल का? दवाखान्याच्या नावानंच घरं धास्तावत. लोक आले ते ताईंवर भरवसा ठेवून.

मावशी जरा थांबली.

मावशी : हे खरं आहे. कळा सुरू झाल्या की पोरीला शास्त्र ऐकू येत नाही. हात कोणी धरलाय, एवढंच समजतं. मी पाहिलंय ते.

भाची : मग माउली म्हणायला हरकत काय?

मावशी : हरकत ही, की माउलीला पगार कोण देतो? रात्रपाळीचे पैसे वाढवून मागितले की ‘तुम्ही तर सेवा करता’ हे ऐकावं लागतं. आईपणाची शाल पांघरली की कष्ट फुकट घ्यायला जग मोकळं. अन् दुसरं, एकीला देव्हाऱ्यात बसवलं की बाकीच्या पुसल्या जातात. ताईंच्या जोडीला वेणूताई नेने होत्या. तुझ्या लेखात त्या कुठं आहेत?

भाचीजवळ याला उत्तर नव्हतं, आणि मलाही मावशीचंच पटतं. चार खाटांपासून निघालेला मातृसेवा संघ पुढे वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, समाजकार्याचं महाविद्यालय इथवर गेला. एवढा पसारा नुसत्या वात्सल्यावर उभा राहत नाही. वर्गण्या गोळा कराव्या लागतात, हिशेब चोख ठेवावे लागतात, मुली हाताखाली तयार कराव्या लागतात. १९६१ ची पद्मश्री आणि १९८० चा जमनालाल बजाज पुरस्कार ताईंना मिळाले, ते या उभ्या केलेल्या कामासाठी.

भाची : म्हणजे मायेला लेखात जागाच नाही?

मावशी : दे ना. पण शिक्षणानंतर दे. ती शिकली म्हणून तिची माया कामी आली. नसती शिकली, तर तीही बाकीच्या बायांसारखी उशाशी बसून रडली असती.

भाचीनं पहिली ओळ खोडली. नव्या ओळीत डफरीनमधलं शिक्षण आलं, १९२१ हे साल आलं आणि वेणूताईंचं नाव आलं. माउली हा शब्द शेवटच्या परिच्छेदात गेला. तो तिनं काढून टाकला नाही, आणि मावशीनंही काढायला लावला नाही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या जन्माच्या वेळी तुमच्या आईजवळ कोण परिचारिका होती, कोण सुईण होती, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. अजून सांगणारं कोणी आहे तोवर तिचं नाव आणि ती हे काम कुठं शिकली, हे लिहून ठेवा.