बिनकामाचं चालणं

"कुठं गेली होतीस?"

आमच्या बेळगावच्या घरात बाहेरून आलेल्या बाईला पाण्याच्या आधी हा प्रश्न मिळायचा. आज्जी सोप्यात बसलेली असायची आणि चपला काढायच्या आत उत्तर द्यावं लागायचं. बस्तीला गेले होते, गणपत गल्लीत भाजीला गेले होते, दळण टाकून आले, ही सगळी चालणारी उत्तरं. 'सहज गेले होते' हे मात्र चालायचं नाही. "सहज कसं जातंय माणूस? काम नाही तर पाय कशाला झिजवायचं?" आणि मग तिचा ठेवणीतला शब्द यायचा: अनर्थदंड.

तो शब्द ती उगीच वापरत नव्हती. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. पापाचा उपदेश करणं, हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं, मनात दुसऱ्याचं वाईट चिंतणं, मन मलिन करणारं ऐकणं आणि पाचवी प्रमादचर्या. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडाची पानं तोडणं हे प्रमादचर्येत येतं. त्याच यादीत शेवटी विनाकारण हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणंही येतं. आज्जीने शास्त्र ऐकलेलं होतं. तिचं बोट बरोबर त्या शेवटच्या शब्दावर होतं.

मला मात्र लहानपणापासून हिंडायची आवड. नवीन गल्ली दिसली की ती कुठं निघते ते बघावंसं वाटायचं. लग्नानंतर ती आवड पिशवीत घालून ठेवली. हातात पिशवी असली की बाईला कुणी काही विचारत नाही, हे बहुतेक सगळ्याजणींना ठाऊक असतं. पण मनात तो शब्द टोचत राहायचा. नुसतं बघत चालणं हा खरंच दोष आहे का?

या प्रश्नाशी माझी नीट गाठ पडली ती बेळगावात नाही, अहमदाबादेत. मुलगी-जावई तिथं नोकरीला, म्हणून एका थंडीत दोन महिने जाऊन राहिले. सकाळी दोघं कामाला गेली की घर खायला उठायचं. मग रिक्षा करून साबरमती ओलांडायची, जुन्या शहरात उतरायचं आणि जेवायच्या वेळेपर्यंत पायी फिरायचं, असा नेम पडला.

जुनं अहमदाबाद हे पायी फिरण्याचंच शहर आहे. १४११ साली अहमदशहाने ते वसवलं आणि तटबंदीच्या आतली वस्ती पोळांमध्ये वाढली. पोळ म्हणजे एक दरवाजा आणि त्याच्या आत नांदणारा एक मोहल्ला. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन जमिनीपर्यंत फार वेळ पोचत नाही, उन्हाळ्यात त्याचाच आधार. आपल्याला वाटतं ही गल्ली इथं संपली, तर कोपऱ्यात एक बोळ असतो आणि त्यातून माणूस भलत्याच पोळात निघतो. जुन्या काळी दंगा झाला तर पळायला अशा वाटा ठेवल्या होत्या म्हणे. महानगरपालिकेने १९९७ पासून तिथं पायी दर्शन सुरू केलंय, काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. २०१७ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. पहिल्या दिवशी मी त्या घोळक्याबरोबरच फिरले. नंतर एकटी.

बघण्यासारखं पावलोपावली. पोळाच्या चौकात उंच खांबावर नक्षीचं छोटं घर असतं, तो चबुतरा. पाखरांना दाणे टाकायला बांधलेला. माणसांना पाय ठेवायला जागा नाही अशा ठिकाणी पाखरांसाठी चौक राखून ठेवलाय, हे बघून मला फार बरं वाटलं. लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतराम बसलेले आहेत, पुतळ्याच्या रूपाने, आपल्याच घराच्या जागी, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. कुठं घराच्या लाकडी तोड्यांवर हत्ती, कुठं वेली. एखादं घर दाखवून सांगणारा म्हणतो, हे मराठा धाटणीचं. ऐकताना कान टवकारले जातात. १७५३ नंतर सुमारे साठ वर्षं या शहरावर मराठ्यांचा अंमल होता आणि रायखडची गायकवाड हवेली अजून तेच नाव सांगते. माणेक चौक तर दिवसातून तीनदा कपडे बदलतो. सकाळी तिथं गाईंना चारा, दिवसा सोन्याचांदीचा व्यापार, रात्री खाऊगल्ली. तो रात्रीचा चौक मी लांबूनच बघितला, कारण दिवे लागायच्या आत आमचं जेवण झालेलं असतं. पण गाड्यांवर 'जैन पावभाजी'च्या पाट्या बघून हसू आलं. कांदा सुटला, रात्र काही सुटली नाही.

देरासरंही पोळांच्या आतच. बाहेरून घर वाटतं, आत गेलं की संगमरवर. ती श्वेतांबरांची, आमच्या बस्तीपेक्षा रीत वेगळी. तिथल्या मूर्तींचे डोळे बसवलेले असतात, उघडे, समोर बघणारे. आमच्याकडे भगवंतांची दृष्टी नासाग्रावर, अर्धी मिटलेली. कितीतरी सकाळी मी त्या उघड्या डोळ्यांसमोर बसून विचार केला, की बघणं वाईट असतं तर ते डोळे असे उघडे ठेवले असते का? आणि बघणं एवढं चांगलं असतं तर आमच्या भगवंतांनी दृष्टी खाली का वळवली? उत्तर काही मिळालं नाही. ते मिळालं, म्हणजे निदान त्याची सुरुवात झाली, एका ओट्यावर.

एका आडबाजूच्या खडकीत फार सुंदर तोडी दिसली. खडकी म्हणजे पोळाच्याही आतला, थोड्या घरांचा बोळ. मी मोबाईल काढला. तुळईखाली एक लाकडाचा टेकू लावलेला होता, नवा, ओबडधोबड. तो चित्रात येऊ नये म्हणून मी दोन पावलं डावीकडे सरकले. तेवढ्यात खालून आवाज आला, "कोनुं काम छे, बेन?"

ओट्यावर एक म्हातारी गहू निवडत बसली होती. मी तोडी बघितली, तोडीवरची वेल बघितली, आणि बाई बघितलीच नव्हती.

'कोनुं काम छे' म्हणजे कुणाकडे आलात, एवढंच. पण माझ्या कानाला ती आज्जीच वाटली. मी मोडक्या हिंदीत म्हटलं, कुणाकडे नाही, नुसतं बघतेय. ती म्हणाली, "सब देखते हैं. ऊपर देखते हैं." मग टेकूकडे बोट दाखवून म्हणाली, "आ टेकानो फोटो पाडो ने."

मला शरम वाटली. ज्या लाकडावर ते घर उभं होतं तेवढंच नेमकं मी चित्रातून वगळत होते.

मोबाईल पिशवीत टाकला आणि तिच्याशेजारी बसले. तिने ताट मध्ये सरकवलं. बोलता बोलता कळलं, की मुलं नदीपलीकडे फ्लॅटमध्ये गेलीत, वरचा मजला बंद आहे, तुळई बदलायची तर चार भावांच्या सह्या लागतात आणि चार भाऊ एका ठिकाणी येत नाहीत. गव्हातले सोंडे ती बोटाच्या टोकाने उचलून वेगळ्या वाटीत ठेवत होती, त्यात चार दाणेही टाकलेले. आमच्याकडेही असंच करतात. मग तिने आतला चौक दाखवला. चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन जाऊ द्यायचं, मगच पाणी आत घ्यायचं. झाकण लावलेलं, ऊन लागू द्यायचं नाही. आता नळ आलेत, पण टाकं तिने ठेवलंय. पाणी काढून, गाळून, मला दिलं. चांगलं गोड होतं.

तासाभराने उठले तेव्हा गहू निवडून झाले होते. 'कुणाकडे काम?' या प्रश्नाला आता उत्तर होतं.

परत येताना रिक्षात आज्जीशी मनातल्या मनात भांडले. मग भांडण थांबवून तिचं म्हणणं नीट ऐकायचा प्रयत्न केला. शास्त्राची ती यादी पुन्हा बघा. माती, पाणी, आग, वारा, वनस्पती आणि मग हिंडणं. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच आहे: तुझ्या गरजेशिवाय दुसऱ्या जिवाला त्रास होतोय का? हिंडणं त्या यादीत आलंय ते पायाखाली जीव येतो म्हणून, बेसावधपणे चालणारा काय तुडवतो ते त्याला कळत नाही म्हणून. प्रमाद या शब्दाचा अर्थच बेसावधपणा. मुनींची ईर्यासमितीही तेच सांगते. उजेडी, रुळलेल्या वाटेने, समोरची चार हात जमीन बघत चालायचं. त्यात चालायला बंदी नाही. न बघता चालायला आहे.

मग आज्जीचं कुठं चुकलं? मला वाटतं, तिच्यापर्यंत येता येता प्रश्न बदलला. शास्त्राने विचारलं होतं, तुझ्या चालण्याने कुणाला इजा होते का? घराने विचारलं, तू कुणाला विचारून गेलीस? आजोबा रोज संध्याकाळी किल्ल्यापर्यंत फेरफटका मारून यायचे. त्यांना कुणी कधी काम विचारलं नाही आणि त्यांच्या फेरफटक्याला अनर्थदंड म्हटल्याचंही आठवत नाही. व्रत श्रावकाला आणि श्राविकेला सारखंच आहे. मोजमाप मात्र आम्ही वेगवेगळं ठेवलं.

पण एवढं म्हणून मी सुटत नाही. आज्जीच्या शब्दात माझ्यासाठी जे खरं होतं ते त्या खडकीत मला लागलंच. मी कुणाच्या दारावर पाय दिला नव्हता, पण डोळा दिला होता. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची पडझड, आणि त्यातलं फक्त मला आवडलेलं तेवढं उचलून न्यायचं. हाही परिग्रहच. कपाटात साड्या साठवतो तशी मोबाईलमध्ये दारं-खिडक्या साठवायची. इजा दिसत नाही म्हणून ती होत नाही असं नाही. ओट्यावर बसून दिवसातून दहांदा लोकांच्या नजरा डोक्यावरून जाऊ देणाऱ्या बाईला विचारा.

मुलगी म्हणाली, "आई, तू फार विचार करतीस. फोटो काढल्यानं काय होतंय?" तिचंही काही खोटं नाही. प्रत्येक ओट्यावर बसून गहू निवडायला कुणाला वेळ आहे? आणि बघण्याचा नुसता आनंदही असतो. चबुतऱ्यावर पोपट उतरले तेव्हा मी काही परोपकार करत नव्हते, मला बरं वाटलं एवढंच. त्या आनंदाला मी पाप म्हणायला तयार नाही. मी आता स्वतःला एवढंच विचारते: बघताना मी काय वगळलं? टेकू वगळला असेल, म्हातारी वगळली असेल, तर माझं बघणं बेसावध होतं, मग मी कितीही हळू चालले असेन.

बेळगावला परतल्यावर मी एक नेम धरला. आपल्याकडे देशव्रत आहे. आज अमुक घरापर्यंत, अमुक गल्लीपर्यंतच जाईन, त्यापुढे नाही, अशी वेळेची आणि जागेची मर्यादा घालायची. मी ते उलट बाजूने धरून बघितलं: आज ही एकच गल्ली, पण ती पूर्ण बघायची. तीस वर्षं खडेबाजारातून पिशवी घेऊन गेले आणि मला भाव तेवढे माहीत होते. आता कळतंय, कुठल्या जुन्या घराची माडी रिकामी आहे, कुठल्या कट्ट्यावरची बाई चार दिवस दिसली नाही, गटाराच्या कडेला मुंग्यांची वाट कुठून जाते. एकदा किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. १२०४ साली बांधलेली ती बस्ती, लहानपणापासून नेमिनाथांचं दर्शन घेत आले. त्या दिवशी वर बघितलं, ज्या कमळावरून बस्तीला नाव पडलं ते छताचं दगडी कमळ मान दुखेपर्यंत बघितलं. मग मान खाली केली, तर उंबऱ्याचा दगड दिसला, पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेला. किती बायका काम सांगून, किती न सांगता त्यावरून आत गेल्या असतील. त्या दिवशी त्यावर पाय न देता ओलांडून आले.

हल्ली घरी आले की सूनबाई विचारते, "आत्या, कुठं गेला होता?" मी सांगते, चालायला. पहिल्या वेळी ती गप्प बसली. परवा मात्र पाण्याचा तांब्या हातात देत म्हणाली, "आज काय बघितलं?" आणि मी सांगायला लागल्यावर तीही खाली बसली. उद्या तिला म्हणणार आहे, पिशवी घरीच ठेव आणि चल.