पाठीवरचा वारा

निवांत बसा. वाचता वाचता मध्येच थांबलात तरी हरकत नाही.

रेवस ते रेडी हा कोकणचा सागरी मार्ग मनात आणा. तुम्ही सायकलवर आहात, एकटेच. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना बॅगा आहेत. हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याच्या जेटीवर यायचं, फेरीबोटीत सायकल चढवायची आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरायचं. पुढे दाभोळ–धोपावे, मग तवसाळ–जयगड. दर खाडीपाशी रस्ता पाण्यापर्यंत खाली येतो आणि पलीकडे लगेच जांभ्याच्या सड्यावर चढायला लागतो. दिवसभर चढ काढूनही रात्री मुक्काम समुद्राच्याच पातळीला.

हे थोडा वेळ मनात राहू द्या. इथे चढलेली उंची शिलकीत पडत नाही.

आता त्यातला एकच चढ घ्या. भर दुपार, सड्यावर सावली नाही. सगळ्यात हलका गिअर टाकून झालाय, पुढचं चाक डुलतंय, हनुवटीवरचा घाम थेंब थेंब हँडलवर पडतोय. अशा वेळी मन बोलू लागतं, ‘कशाला आलो? मला काही म्हणजे काही धड जमत नाही.’ ऐकलंत? चढ एका रस्त्याचा, आणि निकाल लागला सगळ्या आयुष्याचा.

सोबत कोणी असतं तर म्हणालं असतं, ‘आधी काहीतरी खाऊन घे.’ एकट्याला हे स्वतःलाच सांगावं लागतं. स्नायूंमधला साखरेचा साठा दोनेक तास दामटून पेडल मारली की उतरणीला लागतो, आणि तो सरत आला की पायांबरोबर मनही बसतं. म्हणून उतरा. सायकल गडग्याला टेकवा. दोन केळी, चिक्कीचा तुकडा, चार घोट पाणी. अंमळ टेका.

मग तेच वाक्य मनात पुन्हा म्हणून बघा. त्यातलं जेवढं विरलं, तेवढं भुकेचं होतं. कधी खरंच काही उरतं: घरची ओढ, मनात धरलेला एखादा राग. ते तुमचं. त्याचा निवाडा चढावर करायचा नाही. सोबत येतंय तर येऊ द्या.

एक सावकाश श्वास.

आता गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे निघा. आरे-वारेचा चढ संपतो, खाली समुद्र उघडा पडतो आणि चाकं आपोआप पळू लागतात. दुपारचा खारा वारा सुटलाय. हाच वारा समोरून आला की कानांत घोंघावतो, आपण त्याला शिव्या घालतो. पाठीमागून आला की मात्र त्याचा आवाजच येत नाही. मग वाटतं, आज पाय काय सुटलेत! मन पुन्हा निकाल देतं, या खेपेला आपल्या बाजूने.

चढावर आपण कारणं शोधतो: ऊन, भूक, रस्ता. उतारावर ती शोधायचं कुणाला सुचत नाही.

आज शोधून बघा. अलीकडे सहज जमून गेलेलं एखादं काम आठवा. त्यात तुमच्या पायांचं किती होतं आणि पाठीवरच्या वाऱ्याचं किती? तो वारा म्हणजे माणसं असतील, तर एकेकाचं नाव मनात घ्या. घाई करू नका. काही नावं उशिराने आठवतात.