राब, फड आणि पर्यावरणाचा पेपर

एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जो निकाल दिला, त्यात चित्रपटगृहांनी पर्यावरणविषयक स्लाइड विनामूल्य दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शनने त्या विषयाला वेळ द्यावा आणि शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण हा सक्तीचा विषय व्हावा, अशा अनेक दिशांनी लोकशिक्षणाचा विचार होता. चित्रपटगृहांतल्या स्लाइड कालांतराने विस्मरणात गेल्या. पेपर मात्र राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एकच समान अभ्यासक्रम आखून दिला आणि मराठी, इतिहास किंवा तत्त्वज्ञान हा मुख्य विषय घेतलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याची पर्यावरणाशी औपचारिक ओळख तेव्हापासून प्रायः या एका पेपरपुरतीच होत आली.

त्या मूळ आराखड्यातील पन्नास तासांची वाटणी पाहण्यासारखी आहे. विषयाच्या बहुविद्याशाखीय स्वरूपाला, म्हणजे अनेक ज्ञानशाखा एकत्र आल्याखेरीज तो समजत नाही या मुद्द्याला, दोन तास. नैसर्गिक संसाधनांना आठ, परिसंस्थांना सहा, जैवविविधतेला आठ, प्रदूषणाला आठ. ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ या घटकाला सात. लोकसंख्येला सहा आणि क्षेत्रकार्याला पाच. विस्थापितांचे पुनर्वसन, जलसंधारण, पर्यावरणीय नीतिविचार, हवामानबदल, उपभोगवाद आणि सगळे पर्यावरणविषयक कायदे त्या सात तासांत कोंबलेले होते. अभ्यासक्रम रचणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही, किंबहुना पहिल्याच घटकात बहुविद्याशाखीयतेची घोषणा करण्याइतके भान त्यांना होते; परंतु दोन तासांत घोषणा करून उरलेल्या अठ्ठेचाळीस तासांतला मोठा भाग शालेय जीवशास्त्राच्या उजळणीला दिला, की कला शाखेच्या विद्यार्थ्याला जो संदेश मिळायचा तो मिळतोच: हा विषय विज्ञानवाल्यांचा आहे, आपण येथे पाहुणे आहोत, प्रकल्पवहीत चार छायाचित्रे चिकटवावीत आणि पुढच्या सत्राला लागावे.

ही समजूत विषयाच्या इतिहासालाच धरून नाही. येथे दोन संज्ञांमधला फरक ध्यानात घ्यावा लागतो. पर्यावरणशास्त्र ही हवा, पाणी, माती आणि सजीव यांच्यातील प्रक्रियांचे मापन व स्पष्टीकरण करणारी विज्ञानशाखा आहे. पर्यावरण अभ्यास ही संज्ञा त्याहून व्यापक असून त्या प्रक्रियांशी माणसाचे कायदे, बाजार, श्रद्धा, भाषा आणि स्मृती यांचे जे संबंध येतात त्यांचाही तीत समावेश होतो. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी महाविद्यालयाने १९६५ मध्ये पदवीसाठी हा मुख्य विषय सुरू केला. सँटा बार्बराच्या किनाऱ्यालगत जानेवारी १९६९ मध्ये समुद्रातील तेलविहीर फुटली. त्यानंतर वर्षभराने तेथील विद्यापीठात जो पर्यावरण अभ्यासक्रम उभा राहिला, त्याच्या संस्थापकांपैकी रॉडरिक नॅश हे इतिहासकार होते आणि अमेरिकी मनातली ‘अरण्य’ ही कल्पना शतकानुशतके कशी पालटत गेली यावरचा त्यांचा ग्रंथ १९६७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तेलाच्या तवंगाने जागे झालेल्या विद्यापीठाला रसायनशास्त्रज्ञांइतकीच इतिहासकाराचीही गरज वाटली, हे आपल्याकडच्या अभ्यासक्रम समित्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

कला शाखेतील विद्याशाखा पर्यावरणाच्या प्रश्नात नेमके काय करू शकतात, हे सामायिक संसाधनांच्या वादावरून चांगले कळते. सामायिक संसाधन म्हणजे गायरान, तळे, जंगल किंवा मासेमारीचे पाणी यांसारखी अशी गोष्ट, की जिच्यापासून कोणाला दूर ठेवणे अवघड असते आणि एकाने घेतलेला वाटा दुसऱ्यासाठी कमी होतो. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या निबंधात असा युक्तिवाद केला, की सर्वांच्या कुरणावर प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवत जातो आणि अखेर कुरण उजाड होते. म्हणून अशा गोष्टी एक तर खाजगी मालकीच्या कराव्यात किंवा सरकारने ताब्यात घ्याव्यात. युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने रेखीव होता, पण ते कुरण कल्पनेतले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्या अभ्यासक स्त्रीने खरी कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे यांच्या नोंदी चाळल्या, मानवशास्त्रज्ञांचे आणि इतिहासकारांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले आणि १९९० मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की अनेक समूहांनी मालकी न वाटता आणि सरकार न बोलावता शतकानुशतके नियम पाळले आहेत. स्वित्झर्लंडमधील ट्यॉर्बेल या गावाच्या १५१७ मधील एका नियमानुसार, हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील त्याहून अधिक गाई कोणालाही उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडता येत नसत. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या ग्रंथापुरती त्यांची प्रयोगशाळा बहुतांशी दप्तरखान्यात होती.

ट्यॉर्बेल दूरचे वाटत असेल तर खानदेश आणि नाशिकच्या उत्तर भागातील फड पद्धती पाहावी. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने आणलेले पाणी जेथे पोहोचते, त्या सगळ्या क्षेत्राचे मोठे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला फड म्हणायचे आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे, अशी ही रचना तेथे काही शतके चालत आलेली आहे. एकाच्या शेतात ऊस आणि शेजाऱ्याच्या शेतात बाजरी अशी स्थिती नसल्याने पाण्याची पाळी सर्वांसाठी सारखी ठरते. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या हे गावाने नेमलेले असतात. या व्यवस्थेतला बंधारा स्थापत्याचा विषय आहे हे खरे, परंतु ती टिकली कशामुळे, याचे उत्तर जमिनीच्या उतारात जितके आहे तितकेच पाटकऱ्याच्या शब्दाला असलेल्या वजनात आणि पाळी चुकवणाऱ्याला गावात सोसाव्या लागणाऱ्या बोलण्यातही आहे. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावपासून उभी केलेली पाणी पंचायत त्याहून पुढे गेली: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यायचे, दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर, उसाला मज्जाव, आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. पाणी हे जमिनीला चिकटलेले असते की माणसाला, हा प्रश्न कोणत्याही पर्जन्यमापकाला सोडवता येत नाही; तो न्यायाच्या तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि त्याचे एक उत्तर दुष्काळी माळावर प्रत्यक्ष राबवून पाहिले गेले.

इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढचे दप्तर तर अजून बरेचसे न उलगडलेले आहे. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांत भाताची रोपे टाकण्याआधी त्या जागेवर फांद्या, पाला, गवत आणि शेण यांचे थर पसरून ते भाजण्याच्या रीतीला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या जात आणि ज्या उतरणीच्या हलक्या जमिनीवरून हा पाला येई तिला वरकस म्हणत. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी वनखात्याला ही तोड नासधूस वाटू लागली, शेतकऱ्यांना ती भाताच्या पिकाची अट वाटत होती, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. भाजण्याने तण जळते, राख मिळते, माती भुसभुशीत होते, हे कृषिविज्ञान सांगेल. मात्र ऐनाच्या फांदीवर कोणाचा हक्क, ‘वहिवाट’ आणि ‘सवलत’ यांत अंतर काय, आणि एक अधिकारी ज्याला ओसाडी म्हणतो त्याला दुसरा माणूस वरकस का म्हणतो, हे समजायला साक्षींचे कागद वाचता यावे लागतात. महात्मा फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने गुरांची चराईची राने हिरावून घेतल्याबद्दल टीका करावी आणि त्याच ग्रंथात पावसाचे पाणी मुरावे म्हणून ताली-बंधारे घालण्याची सूचनाही करावी, ही गोष्ट मराठीच्या वर्गात सामाजिक सुधारणेच्या प्रकरणाखाली शिकवली जाते आणि पर्यावरणाच्या वर्गात बहुधा शिकवलीच जात नाही. एकाच विद्यार्थ्याचे हे दोन तास एकाच इमारतीत भरतात.

मुळशीचेही तसेच. टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नावाशी जोडलेला सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याच्या एका उपकथेसारखा सांगितला जातो. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या राजेंद्र व्होरा यांनी त्याचा अभ्यास धरणविरोधी चळवळ म्हणून केला, तेव्हा शौर्यकथेत न मावणारी एक गोष्ट पुढे आली: मावळातल्या जमिनींवर हक्क असलेले पुण्यातील सावकार-जमीनदार आणि त्या जमिनी कसणारे मावळे यांचे हितसंबंध एक नव्हते, आणि पैशात मिळणाऱ्या भरपाईचा अर्थ दोघांसाठी वेगळा होता. आजही कोणत्याही प्रकल्पाच्या वादात ‘गावकऱ्यांचा विरोध’ किंवा ‘गावकऱ्यांची संमती’ असे एकवचनी शब्द वापरले जातात, तेव्हा ही शंभर वर्षांपूर्वीची फट आठवावी.

याचा अर्थ कला शाखेने विज्ञानाला बाजूला सारावे असा होत नाही. विद्याशाखांची सरमिसळ उलट्या बाजूनेही फळाला आली आहे. माधव गाडगीळ हे परिसंस्थाशास्त्रज्ञ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा हे मानवशास्त्रज्ञ यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले, की फासेपारधी फाशांनी हरणे व पक्षी पकडत, वैदू सापळ्यांनी मुंगसासारखे लहान प्राणी धरत आणि नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुकरे व घोरपडी मारत; म्हणजे एकाच माळावर राहून त्यांची शिकार एकमेकांत फारशी अडकत नसे. निसर्गात निरनिराळ्या जाती आपापले स्थान वाटून घेतात, ही जीवशास्त्रातली कल्पना येथे माणसांच्या जातींना लावून पाहिली गेली. ती उजेड पाडणारी आहे आणि धोक्याचीही आहे, कारण वाटणीत शिस्त दिसते म्हणून तिच्यातली सक्ती नजरेआड होऊ शकते. हा धोका ओळखण्याचे शिक्षण समाजशास्त्राच्या वर्गातच मिळते.

दुसऱ्या बाजूला, कला शाखेच्या विद्यार्थ्याची स्वतःची एक खोड आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. देवराई म्हटले की त्याला पूर्वजांचे शहाणपण आठवते आणि आकडा दिसला की तो पान उलटतो. देवराया खरोखरच मोलाच्या आहेत, परंतु देवाच्या भीतीने राखलेल्या त्याच रानातली झाडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तोडली गेल्याचे दाखलेही कमी नाहीत, आणि पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू लागतो हे सांगणारा आकडा ज्याला वाचता येत नाही, त्याला नदीवर कविता लिहिता येईल, पण कारखान्याच्या अहवालातली लबाडी पकडता येणार नाही. पन्नास तासांपैकी प्रदूषणाचे आठ तास म्हणूनच टाकाऊ नाहीत. ते व्याख्या पाठ करण्यात जातात, ही तक्रार आहे.

क्षेत्रकार्याच्या पाच तासांत काय करावे, यासाठी फार लांब जावे लागत नाही. गावातल्या कोणत्याही शेताचा सातबारा समोर ठेवला तर त्यावर ‘पोटखराबा’ असा रकाना दिसतो: धारण केलेल्या जमिनीतला लागवडीस अयोग्य म्हणून गणलेला भाग. महसुलाच्या भाषेत तो खराब आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहिले तर तेथे ओढ्याची कड असते, कवठ-बाभळी असतात, शेजारच्या वस्तीच्या शेळ्या चरत असतात आणि कोणीतरी काटक्या गोळा करीत असते. त्या एका शब्दापासून महसुलाचा इतिहास, वनस्पतींची यादी आणि शेळी राखणाऱ्या बाईशी केलेले संभाषण अशा तीन वाटा फुटतात, आणि तिन्ही एकाच टिपणात आल्या तर त्याला पर्यावरण अभ्यास म्हणता येईल.

भाषेच्या विद्यार्थ्यासाठी तर कामाची कमतरता नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी पर्यावरणीय आघाताच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. याच अधिसूचनेची जागा घेणारा नवा मसुदा २०२० मध्ये केवळ इंग्रजी आणि हिंदीत निघाला, तेव्हा त्याचे अनुवाद आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत करावेत, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी द्यावा लागला. ज्या सारांशावर गावाने हरकत घ्यायची तो कार्यालयीन मराठीत इतका दुर्बोध असेल की हरकत कशावर घ्यावी हेच कळू नये, तर सुनावणीचा विधी पार पडतो आणि सुनावणी होत नाही. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा ‘प्रकल्पबाधित’ म्हणतो आणि चळवळी ‘धरणग्रस्त’ म्हणतात. पहिल्या शब्दात एखादी नोंद झाल्याचा भास आहे, दुसऱ्यात दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त यांच्या पंक्तीतली आपत्ती आहे. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, पण जिचे सरपण, शेळ्यांचा पाला आणि राबाचे गवत बुडणाऱ्या उतरणीवरून येत होते, तिला या दोहोंपैकी कोणत्या शब्दात बसवायचे आणि त्या रकान्यात तिचे नाव कोणत्या पुराव्यावर लिहायचे, याचा निर्णय अनुवादकाच्या मेजावरही होत असतो.