बुटाची नाडी बांधताना

आजचे वचन : अनुवाद ६:४-९



गेल्या पावसाळ्यात एका रात्री पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. वरसेहून ॲम्ब्युलन्स निघाली, मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. माझ्या मोबाईलमध्ये बायबलचं ॲप होतं, प्रार्थनेचा रिमाइंडर होता, सलग किती दिवस वाचन झालं त्याचा हिशेबही होता. पण त्या वेळी मला एक शब्द सुचेना. पप्पा मात्र डोळे मिटून पुटपुटत होते, "प्रभू, सोबत राहा."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. पप्पा धाटावच्या एमआयडीसीत कामाला होते. पहिली पाळी असो की रात्रपाळी, बुटाची नाडी बांधताना ते एवढंच म्हणायचे आणि निघायचे. मला वाटायचं, ही कसली प्रार्थना? प्रार्थना म्हणजे दार लावून, गुडघे टेकून, निदान अर्धा तास. आणि तो अर्धा तास मला कधी मिळालाच नाही. सकाळी अलार्म स्नूझ, मग मीटिंग, मग रिलीज. रात्री ठरलेलं वाक्य : उद्या नक्की.

आजच्या वचनात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की आपला देव एकच आहे, त्याच्यावर पूर्ण मनाने प्रीती करा. मग ही वचनं कधी बोलायची तेही सांगतो : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना. मित्रांनो, ही चारही कामं आपण रोज करतोच. देवाने आपल्या रिकाम्या वेळेची वाट पाहिली नाही. तो आपल्या भरलेल्या दिवसातच यायला तयार आहे.

या वचनाची साक्ष आपल्याच रायगडात आहे. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक, कित्येक पिढ्या इथल्या गावांत तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांवरून आली. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि त्यात सगळं गेलं. पुढे हिब्रू भाषाही विसरली. पण 'शेमा' राहिली. शेमा म्हणजे आजच्याच वचनाने सुरू होणारी प्रार्थना. सुंता, लग्न, मयत, प्रत्येक प्रसंगी ते तीच म्हणत.

ते येशूला मसीहा मानत नाहीत, ती प्रार्थना त्यांची आहे. पण सर्वात मोठी आज्ञा कोणती असं विचारलं, तेव्हा आपल्या प्रभूनेही हेच वचन सांगितलं (मार्क १२:२९-३०). ग्रंथ हाती नसताना त्यांच्या ओठांवर प्रार्थना टिकली. माझ्या खिशात अख्खं बायबल होतं आणि ओठ कोरडे होते.

तुम्ही म्हणाल, रोज तेच वाक्य म्हटलं तर पोपटपंची नाही का होणार? होऊ शकते. प्रभूने पोकळ बडबडीबद्दल बजावलंच आहे (मत्तय ६:७). पण पप्पांचं वाक्य पोकळ नव्हतं. ते रोज खरोखर कुणाला तरी सोबत घेऊन निघायचे. आणि एकांतही हवाच. प्रभू स्वतः पहाटे उठून एकांतात जात असे (मार्क १:३५). फक्त तो एकांत जमला नाही, म्हणून उरलेला दिवस देवाशिवाय काढू नका.

मी आता चार जागा ठरवल्यात. उठल्यावर, मोबाईल हातात घेण्याआधी. बाईकला किल्ली लावताना. लॅपटॉप उघडताना, ज्याच्यावर राग आहे त्या सहकाऱ्याचं नाव घेऊन. आणि रात्री दिवा मालवताना. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य. कधी कधी चुकतं. मग पुढच्या जागी पुन्हा सुरू करतो.

पप्पा आता घरी आहेत. बूट घालत नाहीत, संध्याकाळी चपला घालून कुंडलिकेच्या बाजूला हळूहळू फिरायला जातात. परवा मी त्यांच्या सँडलचा पट्टा लावून देत होतो. या वेळी ते वाक्य आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं.

आज तुमच्या रोजच्या एका कामाला एक वाक्य जोडा. एकच.

प्रार्थना : हे देवबापा, आम्ही तुझ्यासाठी वेळ शोधत राहिलो आणि तू आमच्या दारातच उभा होतास. आमच्या उठण्या-बसण्यात, जाण्या-येण्यात तुझं नाव राहू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.