दार नसलेल्या घरात शिरणारा कॅमेरा



टीव्हीच्या बातमीचा कॅमेरावाला हा साक्षीदार की बघ्या? दोघांचे डोळे सारखेच. बघ्या बघतो नि घरी जातो. साक्षीदार बघितल्याची किंमत मोजतो. फरक एवढाच, पण सगळी नीती त्या फरकात आहे.

पुस्तकी लोक केव्हिन कार्टरचं उदाहरण देतात. १९९३ साली सुदानात भुकेनं वाकलेलं पोर नि मागं टपलेलं गिधाड त्यानं टिपलं. १९९४ ला पुलित्झर मिळालं, त्याच वर्षी त्यानं जीव दिला. फोटो काढावा की पोर उचलावं? प्रश्न खरा आहे. पण आपला प्रश्न त्याच्या आधी सुरू होतो. आपल्याकडं कॅमेरा येतच नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली. मोठ्या वाहिन्यांना जाग यायला आठवडे लागले. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, मग ओबी व्हॅन निघाल्या. १९२० साली पैसे मोजूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. यंत्रं बदलली, दारवान तोच.

आणि कॅमेरा असला म्हणजे न्याय होतो असंही नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत ऊनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना मारलं, गाडीला बांधून मारलं. त्याचं चित्रण मारणाऱ्यांनीच केलं. त्यांच्या लेखी ती फुशारकी होती, दहशत होती. तेच चित्र आपल्या माणसांनी बघितलं, तेव्हा मेलेली जनावरं सरकारी कचेरीपुढं पडली आणि अहमदाबादेहून ऊनापर्यंत माणसं चालत गेली. चित्र एकच. म्हणजे चित्राला स्वतःची नीती नसते. ते कुणाच्या बाजूनं वापरलं जातं, त्यावर ती ठरते.

आता आमच्या सांगवीकडं या. बारामती-इंदापूरच्या उसात दर हंगामाला कोयता येतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; माणसाला हत्याराचं नाव. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ ला देशभर गेली. सरकारला समिती नेमावी लागली. ८२ हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. शोध घेणाऱ्यांनी हे काम केलं, ते मोठंच.

पण अशी बातमी टीव्हीवर येते तेव्हा चौकटीत कोण असतं? बाईचा चेहरा, पाचटाची खोपी, उघडं पोर. मुकादम नसतो. उचलीचा हिशोब नसतो, खाड्याला किती कापले ते नसतं, दवाखान्याचं बिल नसतं. का? खोपीला दार नाही, डॉक्टरच्या केबिनला आहे. जिथं दार नाही तिथं कॅमेरा सहज शिरतो, बूम तोंडापुढं धरतो, बाईट घेतो नि निघतो. ती बाई उद्या त्याच मुकादमाच्या गाडीत बसणार असते. तिच्या चेहऱ्याची किंमत तिनं मोजायची, बातमीचं नाव वाहिनीचं.

छुपा कॅमेरा खरं तर बंद दारासाठी आहे. लपून टिपणं ही फसवणूकच. ती कुणाशी करावी? मला एक नियम सुचतो : बळवंताला न सांगता टिपायला हरकत नाही, दुबळ्याला विचारल्याशिवाय टिपू नये. कुणी म्हणेल, बळवंत कोण हे ठरवायचं कसं? तोच माणूस कारखान्यात दुबळा नि घरी बायकोपुढं बळवंत असतो. बरोबर. म्हणून जन्म बघायचा नाही, हुद्दाही बघायचा नाही. ह्या घटकेला, ह्या व्यवहारात दुसऱ्याची भाकरी कुणाच्या मुठीत आहे ते बघायचं. आणि उघड विचारून जे कळतं त्यासाठी लपायचं नाही.

हा नियम आपल्यालाही लागू. २००१ ला तहलकाच्या छुप्या कॅमेऱ्यात भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण १ लाख रुपये घेताना दिसले. २०१२ ला कोर्टानं ४ वर्षांची शिक्षा दिली. ते दलित होते. आपल्यातला कुणी म्हणेल, बरा आमचाच माणूस सापडला! कुणाच्या दारापर्यंत कॅमेरा जातच नाही हे जरूर विचारावं. पण ते घेतलेले पैसे धुवायला नव्हे. जातीनं नीती जातीपुरती करून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ लाच दाखवलंय. आपण तेच उलट्या अंगानं करायचं काय?

शेवटची गोष्ट. कॅमेऱ्याला जखम दिसते, जात दिसत नाही. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं खैरलांजीत सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. जात दाखवायची तर जमिनीचा तंटा, पंचनामा, फिर्याद कधी लिहून घेतली, हे सगळं चित्राला जोडावं लागतं. मी सूतगिरणीत साच्यावर उभा राहतो. तुटलेला धागा नुसता दाखवून तिथं भागत नाही, सांधावा लागतो.

तेव्हा पोरांनो, हातात मोबाईल आहे म्हणून कुणाच्याही दुःखावर धरू नका. आधी त्या माणसाला विचारा. तो नाही म्हणाला तर खाली ठेवा, आणि मुकादमाच्या दाराकडं वळवा.