निर्दोष आणि योग्य

मनुष्याच्या हातून एकहि नियम मोडला गेला नाहीं, एवढ्यावरून त्याचें कृत्य योग्य ठरतें काय? प्रश्न नीतिशास्त्रांतला खरा; पण मजपुढें तो एका हिरव्या पाटीच्या रूपानें उभा राहिला.

फावल्या वेळीं इलेक्ट्रॉनिक्सचीं लहानसहान उपकरणें जुळविण्याचा मला छंद आहे. माझ्या वृद्ध मावशींना ऐकूं येत नाहीं. दाराची घंटा वाजतांच त्यांच्या खोलींत दिवा लुकलुकावा, अशी मीं योजना आखली. तांब्याचा थर दिलेल्या पाटीवर शाईनें रेघा काढून, बाकीचें तांबें फेरिक क्लोराइडच्या द्रावांत विरघळवून सर्किट बोर्ड घरीं करणारे हौशी लोक अजूनहि आहेत. पण आतां त्याहून सोपी वाट आहे. १९९२ सालीं सुरू झालेल्या व कोणासहि विनामूल्य मिळणाऱ्या ‘कीकॅड’वर आराखडा काढावा, त्याच्या ‘गर्बर’ फायली कारखान्याकडे धाडाव्या, कीं कांहीं दिवसांनीं तयार पाट्या घरपोंच येतात. एकच हवी असली तरी बहुधा पांच घ्याव्या लागतात.

धाडण्यापूर्वीं संगणक आराखडा तपासतो. दोन रेघांमध्यें पुरेसें अंतर आहे ना, एखादें भोंक कांठाच्या फार जवळ नाहीं ना, हें तो पाहतो. माझ्या आराखड्यांत एकहि दोष नाहीं, असा त्यानें निर्वाळा दिला. पाट्या आल्या. त्या फार सुरेख होत्या; पण दिवा कांहीं लागेना.

प्रथम मीं मनांतल्या मनांत कारखान्यास दोष दिला. मध्यरात्रीं उलगडा झाला. पाटीवर नांव होतें बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचें, आणि पायांची मांडणी मीं घेतली होती पीएन २२२२ ची. दोहोंच्या पायांचा क्रम नेमका उलट असतो. कारखान्यानें मीं काढलें तेंच तंतोतंत बनविलें होतें, पांच वेळां! संगणकहि खोटें बोलला नव्हता. नियम मोडला आहे काय, एवढेंच त्याला विचारलें होतें. मला काय साधावयाचें आहे हें त्यास कोणीं सांगितलें होतें? नातलगांच्या वर्गण्या, भेटीगांठी, देणींघेणीं यांत ज्याची कधीं चूक सांपडत नाहीं, पण शेजारच्या खोलींतलें माणूस दिवसभर कोणाशीं बोललें काय हें ज्यास ठाऊक नसतें, असा गृहस्थ आपण पाहतोंच. त्याच्याहि आराखड्यांत दोष नसतो.

ट्रान्झिस्टर अर्धा फिरवून बसवितांच दिवा लागला, आणि मावशी प्रसन्न हंसल्या. परंतु चार पाट्या उरल्या होत्या, व शेजारच्या एका विद्यार्थ्यानें त्यांतली एक मागितली. छापील खुणेवर विश्वास ठेवून तो ट्रान्झिस्टर जोडणार, दिवा न लागल्यास स्वतःच्या हातास बोल लावणार! तोंडीं सांगून भागलें असतें. पण पाटी पुढें आणखी कोणाच्या हातीं जाईल, याचा नेम काय?

म्हणून चारी पाट्यांवर न पुसणाऱ्या शाईनें लिहिलें : ‘ट्रान्झिस्टर खुणेच्या उलट बसवावा. चूक आराखडा काढणाराची.’ त्या सुरेख हिरव्या पाटीवर माझें अक्षर विद्रूप दिसतें. पण ती पाटी आतां खरें बोलते.